कटाचे कलम आणि लालबाग

धागा : १९२९ साली ज्या गिरणगावात राज्यसंस्थेला कट दिसला आणि १९७० साली ज्या गिरणगावात तिला केवळ मारेकरी दिसले, त्याची गोष्ट.

१/
५ जून १९७०, शुक्रवारची रात्र. लालबागच्या तावरीपाडा भागात, ललित राइस मिलच्या परिसरात, परळचे आमदार कॉम्रेड कृष्णा देसाई यांच्यावर धारदार शस्त्रांनी हल्ला झाला आणि त्यात त्यांचा अंत झाला. स्वातंत्र्योत्तर मुंबईतील पहिली मोठी राजकीय हत्या, असे तिचे वर्णन केले जाते. दुसऱ्या दिवशी हजारो कामगार त्यांच्या अंत्ययात्रेत चालले. ज्या रस्त्यांवरून ही यात्रा गेली, त्याच रस्त्यांवर पुढच्या चार महिन्यांत पोटनिवडणुकीचा प्रचार होणार होता.

२/
या घटनेची चर्चा बहुधा दोन पक्षांच्या वैराची कथा म्हणून होते. ती तशी आहेच. परंतु तिच्यात दुसरा एक प्रश्न दडलेला आहे. राजकीय हिंसेसमोर उभे राहिल्यावर पोलीस, न्यायालये आणि सरकार नेमके काय पाहतात, शस्त्र धरणारा हात की त्यामागची योजना? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी एक्केचाळीस वर्षे मागे जावे लागते. गिरणगाव तेच, लाल झेंडाही तोच. फक्त आरोपीच्या पिंजऱ्यातील माणसे वेगळी.

३/
१९२८ चा एप्रिल ते ऑक्टोबर. मुंबईच्या कापड गिरण्यांत सुमारे दीड लाख कामगारांनी सार्वत्रिक संप केला. याच संपात, मे १९२८ मध्ये, गिरणी कामगार युनियन जन्माला आली. श्रीपाद अमृत डांगे, एस. एस. मिरजकर, आर. एस. निंबकर, के. एन. जोगळेकर आणि अर्जुन आळवे ही नावे लालबाग-परळच्या चाळींत घरच्या माणसांसारखी घेतली जाऊ लागली. यांतील आळवे स्वतः गिरणी कामगार होते. साहेबाच्या खुर्चीपेक्षा युनियनचा शब्द मोठा ठरू लागला, तेव्हा सरकार अस्वस्थ झाले.

४/
२० मार्च १९२९. मुंबई, कलकत्ता, पुणे आणि संयुक्त प्रांत अशा अनेक ठिकाणी एकाच दिवशी धाडी पडल्या आणि एकतीस जणांवर खटला भरला गेला. पुढे आणखी एकाचे नाव त्यात जोडले गेले. फिलिप स्प्रॅट, बेन ब्रॅडली आणि लेस्टर हचिन्सन हे तीन इंग्रजही आरोपी होते. हाच मीरत कट खटला. आरोप भारतीय दंडसंहितेच्या कलम १२१-अ खाली होता : ब्रिटिश सम्राटाचे हिंदुस्थानावरील सार्वभौमत्व हिरावून घेण्याचा कट.

५/
या कलमाचे वैशिष्ट्य ध्यानात घेण्याजोगे आहे. ते मूळच्या दंडसंहितेत नव्हते, १८७० साली घातले गेले. त्याच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे की, कट सिद्ध होण्यासाठी प्रत्यक्ष कोणतीही कृती घडलेली असण्याची आवश्यकता नाही. म्हणजे बॉम्ब फुटलेला नको, गोळी सुटलेली नको, खून पडलेला नको. सहमती पुरेशी. मीरतच्या आरोपपत्राचा पायाही पत्रव्यवहार, पुस्तके, भाषणे, सभांचे वृत्तांत आणि संघटनांच्या कागदपत्रांवर उभा होता.

६/
मग खटला मीरतला का? बहुसंख्य आरोपींचे काम तर मुंबई-कलकत्त्यात चाले. कारण साधे होते. त्या महानगरांत असा खटला ज्यूरीसमोर चालवावा लागला असता. मीरतला ज्यूरीची अडचण नव्हती. स्थळाची निवड करताना सरकारने निकालाचा विचार केला होता, ही टीका त्या काळी हिंदुस्थानात आणि इंग्लंडमध्येही झाली. न्यायदानातला पहिला डाव अनेकदा कायद्याच्या पुस्तकात नसतो, तो नकाशावर खेळला जातो.

७/
त्याच दिवसांत दिल्लीत सार्वजनिक सुरक्षा विधेयक आणि औद्योगिक कलह विधेयक गाजत होते. पहिल्याचा रोख परदेशी कम्युनिस्ट कार्यकर्त्यांना हद्दपार करण्यावर, दुसऱ्याचा संपांवर निर्बंध आणण्यावर. ८ एप्रिल १९२९ रोजी भगतसिंग आणि बटुकेश्वर दत्त यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात बॉम्ब टाकले, ते याच पार्श्वभूमीवर. लालबागच्या संपाची झळ कायदेमंडळाच्या सभागृहापर्यंत कशी पोहोचली होती, हे यावरून दिसते.

८/
मीरतचा निकाल जानेवारी १९३३ मध्ये लागला. सत्तावीस जण दोषी ठरले. मुझफ्फर अहमद यांना जन्मठेप, डांगे यांना बारा वर्षे. ऑगस्टमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने शिक्षा मोठ्या प्रमाणावर कमी केल्या. परंतु तोवर जवळजवळ साडेचार वर्षे युनियनचे अग्रणी कोठडीत होते, आणि युनियन दुबळी झाली होती. शिक्षेपेक्षा खटल्याची प्रक्रियाच परिणामकारक ठरली.

९/
तरीही सरकारच्या अपेक्षेविरुद्ध एक गोष्ट घडली. आरोपींनी न्यायालयात दीर्घ निवेदने वाचली, आणि जे विचार दडपायचे होते तेच वृत्तपत्रांतून घराघरांत गेले. खटला हाच प्रचाराचा मंच झाला. १९३४ साली कम्युनिस्ट पक्षावर बंदी आली, ती १९४२ पर्यंत टिकली. लाल झेंडा मात्र गिरणगावातून गेला नाही.

१०/
स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, पण हत्यारे पुष्कळशी तीच राहिली. फेब्रुवारी १९५० मध्ये संसदेने प्रतिबंधात्मक स्थानबद्धता कायदा केला. खटला नाही, आरोपपत्र नाही. ‘पुढे काही करील’ या शक्यतेवर माणूस तुरुंगात ठेवण्याची मुभा. त्या कायद्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी. मे १९५० मधील निकालात कायद्याचा गाभा वैध ठरला. पुढच्या कथेत हा कायदा पुन्हा येणार आहे, तेव्हा तो लक्षात असू द्यावा.

११/
१९५०च्या दशकातले संयुक्त महाराष्ट्र आंदोलन हा गिरणगावाचा सर्वांत उजळ काळ. डांगे, आचार्य अत्रे, एस. एम. जोशी आणि प्रबोधनकार ठाकरे एकाच लढ्यात होते. अण्णाभाऊ साठे आणि अमर शेख यांच्या आवाजाने परळ-लालबागची मैदाने भरत. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. ज्या एकजुटीने मुंबई मिळवली, तिचेच दोन प्रवाह दहा वर्षांनी एकमेकांच्या जिवावर उठतील, असे त्या दिवशी कोणाला वाटले असेल?

१२/
राज्य मिळाले, पण मराठी तरुणाला नोकरी मिळेना. कचेऱ्यांत, कारखान्यांत, बँकांत आपल्याला जागा नाही, ही भावना खोटी नव्हती. ‘मार्मिक’ साप्ताहिकाने तिला वाचा दिली आणि १९ जून १९६६ रोजी बाळासाहेब ठाकरे यांनी शिवसेना स्थापन केली. ३० ऑक्टोबरच्या शिवाजी पार्कवरील पहिल्या मेळाव्याला प्रचंड गर्दी लोटली. १९६८ च्या महापालिका निवडणुकीत सेनेने ४२ जागा जिंकल्या. रोजगाराचा प्रश्न घेऊन आलेली ही संघटना गिरणगावात शिरली, तेव्हा तिच्यासमोर लाल झेंडा उभा होता.

१३/
संघर्ष वेगाने हातघाईवर आला. १९६७ मध्येच परळच्या दळवी बिल्डिंगमधील कम्युनिस्टांच्या कामगार संघटनेच्या कार्यालयावर हल्ला झाला. सभा उधळणे, फलक फाडणे, नाक्यावर गाठून मारणे हे प्रकार वाढले. तत्कालीन मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांचे सरकार लाल संघटनांना शह मिळावा म्हणून या सगळ्याकडे कानाडोळा करते, असा विरोधकांचा आरोप होता. त्यांनी सेनेला ‘वसंतसेना’ असे नावही ठेवले होते.

१४/
येथे एक गोष्ट तरुण वाचकाने नीट समजून घ्यावी. पोलिसांकडे त्या काळी कायदे नव्हते असे नाही. शांतता भंग होण्याची शक्यता असल्यास जामीनदारी घेता येई. जमावबंदी लावता येई. दोन गटांत शत्रुत्व वाढवणाऱ्या भाषणासाठी कलम १५३-अ होते. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ खाली गुंडांना तडीपार करता येई. हिंसेच्या पहिल्या पायरीवर, म्हणजे फोडलेल्या काचेवर आणि उधळलेल्या सभेवर, ही साधी कलमे गांभीर्याने लावली जातात की नाही, यावर तिसरी पायरी येते की नाही हे ठरते.

१५/
फेब्रुवारी १९६९ मध्ये सीमाप्रश्नावरून शिवसेनेने उपपंतप्रधान मोरारजी देसाई यांचा ताफा माहीमला अडवण्याचा प्रयत्न केला. त्यानंतर मुंबई अनेक दिवस पेटली. पोलिसांच्या गोळीबारासह त्या दिवसांत पन्नासहून अधिक माणसे दगावली. बाळासाहेब ठाकरे, मनोहर जोशी आणि दत्ताजी साळवी यांना स्थानबद्ध करून येरवड्यात ठेवण्यात आले. कायदा कोणता? तोच, १९५० चा. ज्याला एका कम्युनिस्टाने आव्हान दिले होते, तोच आता कम्युनिस्टांच्या कडव्या विरोधकांवर चालला. शेवटी दंगल आवरण्यासाठी तुरुंगातूनच ठाकरे यांचे शांततेचे आवाहन मिळवावे लागले.

१६/
या प्रसंगातून राज्यसंस्थेची एक सवय उघड होते. दंगल होईपर्यंत हात बांधून बसायचे, दंगल झाली की खटल्याविना कोठडी वापरायची, आणि शांतता झाली की सोडून द्यायचे. यात कोणाचा दोष न्यायालयात सिद्ध होत नाही, कोणाचे निरपराधित्वही सिद्ध होत नाही. सुटून आलेल्या नेत्याचे वलय वाढते. ज्याचे घर जळाले किंवा मुलगा गेला, त्याला मात्र कोणताही निकाल मिळत नाही.

१७/
या वातावरणात कृष्णा देसाई काम करीत होते. दीर्घकाळ महापालिकेत नगरसेवक, १९६७ पासून भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे आमदार. त्यांचे बळ सभागृहातील भाषणांपेक्षा वस्तीत होते. चाळीतला नळ, गिरणीतली बदली, पोराची नोकरी, शेजाऱ्याचे भांडण यांसाठी लोक त्यांच्याकडे येत. तरुणांची मोठी फळी त्यांनी जोडली होती, आणि सेनेचा आधारही तरुणच होते. एकाच चाळीच्या दोन खोल्यांतले सख्खे शेजारी दोन झेंड्यांखाली वाटले गेले होते.

१८/
हत्येनंतर पोलिसांनी तपास केला, अटका केल्या, खटला उभा राहिला. आरोपी शिवसेनेशी संबंधित तरुण होते आणि त्यांतील अनेकांना न्यायालयाने दोषी ठरवून शिक्षा दिल्या. दाट वस्तीत, जिथे साक्षीदाराला रोज आरोपीच्या घरासमोरून पाणी भरायला जावे लागते, तिथे हे घडणे लहान गोष्ट नव्हे. या खटल्याला अपयश म्हणणे साक्षीदारांवर अन्याय करणारे ठरेल.

१९/
परंतु खटला हल्लेखोरांपाशी थांबला. संघटनेच्या नेतृत्वापैकी कोणावरही या हत्येसाठी खटला चालला नाही. हत्येमागे वरून कोणाची योजना होती का, याविषयी आरोप झाले, ते आजही होतात. न्यायालयात मात्र ते कधी तपासलेच गेले नाहीत. म्हणून इतिहासाच्या अभ्यासकाला येथे दोन्ही बाजूंनी सावध राहावे लागते : जे सिद्ध झाले नाही ते सिद्ध झाल्यासारखे लिहू नये, आणि जे तपासलेच गेले नाही ते निर्दोष ठरल्यासारखेही लिहू नये.

२०/
कट सिद्ध करणे कायद्याने कठीण केले आहे, आणि ते योग्यच आहे. कलम १२०-अ व १२०-ब १९१३ साली आली. त्यांत सहमती हाच गुन्हा. पण सहमतीचा पुरावा कुठून आणायचा? पोलिसांसमोरचा कबुलीजबाब तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम २५ प्रमाणे ग्राह्य नव्हता. उरतो माफीचा साक्षीदार, त्यालाही अन्य पुराव्याची जोड लागते. ही बंधने नसती, तर प्रत्येक विरोधक कटवाला ठरला असता. मीरतने नेमके तेच दाखवले होते.

२१/
म्हणूनच दोन्ही खटले शेजारी ठेवून वाचावेत. १९२९ साली पुस्तके आणि भाषणे यांतून सरकारने समुद्रापार पोहोचणारा कट उभा केला, त्यावर अमाप पैसा आणि वर्षे खर्च केली. १९७० साली एका लोकप्रतिनिधीचे प्रेत रस्त्यावर पडले असताना चौकशी गल्लीच्या पलीकडे गेली नाही. कलमांत फारसा फरक नव्हता. फरक होता तो, कोणापासून राज्याला धोका वाटतो, या जाणिवेत. पहिल्या वेळी सत्तेला धोका होता. दुसऱ्या वेळी धोका होता तो सत्तेच्या विरोधकाला.

२२/
ऑक्टोबर १९७० मध्ये परळची पोटनिवडणूक झाली. कृष्णा देसाई यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या राहिल्या, अनेक विरोधी पक्षांनी त्यांना पाठिंबा दिला. शिवसेनेचे उमेदवार होते वामनराव महाडिक. महाडिक १,६७९ मतांनी विजयी झाले आणि शिवसेनेचे पहिले आमदार ठरले. पुढे ते मुंबईचे महापौर आणि खासदारही झाले.

२३/
हा आकडा अनेकांना अस्वस्थ करतो. हत्येनंतर चार महिन्यांनी त्याच वस्तीने असा कौल का दिला? केवळ दहशत, हे उत्तर अपुरे आहे. केवळ मराठी अस्मिता, हेही अपुरे आहे. नोकरीचा प्रश्न खरा होता, शाखेतला मुलगा रात्री-अपरात्री धावून येत होता, आणि लाल झेंड्याच्या नेतृत्वाला नव्या पिढीची भाषा उमगत नव्हती. मतपेटी हिंसेवर निवाडा देत नाही. ते काम न्यायालयाचे. न्यायालयाचे काम अर्धे राहिले, की लोक मतपेटीलाच निवाडा समजू लागतात.

२४/
गिरणगावातल्या पोलिसाकडेही पाहिले पाहिजे. नायगाव, वरळी, डिलाईल रोडच्या बीडीडी चाळींत हवालदार आणि गिरणी कामगार शेजारी राहत. दोघेही बहुधा कोकणातून किंवा घाटावरून आलेले. ऑगस्ट १९८२ मध्ये, गिरण्यांचा संप चालू असताना, मुंबईच्या पोलिसांनीच बंड केले आणि कामगार त्यांच्यासोबत रस्त्यावर उतरले. ‘कायदा आपले काम करील’ हे वाक्य म्हणणे सोपे आहे. तो कायदा ज्याच्या हाताने चालतो, तो माणूस त्याच चाळीत झोपतो, त्यालाही शेजार आहे आणि भय आहे.

२५/
ही कथा १९७० मध्ये संपली का? २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली. फेब्रुवारी २०१५ मध्ये कोल्हापुरात कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि २० फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. तेही कृष्णा देसाईंच्याच पक्षाचे. १० मे २०२४ रोजी दाभोलकर खटल्यात पुण्याच्या विशेष न्यायालयाने दोघांना जन्मठेप दिली, तिघांची पुराव्याअभावी मुक्तता केली आणि तपास यंत्रणा सूत्रधारापर्यंत पोहोचू शकल्या नाहीत, हेही नोंदवले.

२६/
१९७० नंतर राज्याने किती साधने जमवली! मोक्का १९९९ मध्ये आला, महाराष्ट्र दहशतवादविरोधी पथक २००४ मध्ये. बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायदा वारंवार कठोर झाला. १ जुलै २०२४ पासून कटाचे कलमही नव्या संहितेत ६१ या क्रमांकाने आले. तरी ‘हात सापडले, डोके सापडले नाही’ हा निष्कर्ष अर्ध्या शतकानंतर पुन्हा लिहावा लागला. उणीव कायद्यांची नाही, हे यावरून उमजावे.

२७/
लालबागच्या गिरण्यांचे भोंगे आता वाजत नाहीत. त्या जागी काचेचे मनोरे उभे आहेत. गणपतीच्या दिवसांत लाखो माणसे लालबागच्या राजाच्या रांगेत उभी असतात. त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते की, याच परिसरात एक आमदार मारला गेला होता आणि त्याआधी याच वस्तीच्या पुढाऱ्यांना हजार मैलांवरच्या न्यायालयात वर्षानुवर्षे उभे राहावे लागले होते.

२८/
तावरीपाड्यातून जाणाऱ्याने एवढेच आठवावे. विचाराला गुन्हा ठरवणारे राज्य आणि गुन्ह्यामागची योजना न शोधणारे राज्य परस्परविरुद्ध भासतात, पण दोघांची चूक एकच असते. गुन्हा काय, यापेक्षा तो कोणाविरुद्ध झाला, हे ती आधी पाहतात. पहिली फोडलेली काच कोणाची आहे हे न विचारता जिथे फिर्याद नोंदवली जाते, तिथेच पुढची हत्या टळण्याची शक्यता असते.

(धागा समाप्त)